फ्रांको, फोर्तुनातो
(१९३७ – १० मे २०२१). भारतीय फुटबॉल संघातील मधल्या फळीचे नामवंत खेळाडू. जन्म गोव्यातील कोलवाळ (बार्देश) येथे. बालपणीच मुंबईस आले व पुढे टाटा संघाकडून खेळून त्यांनी लौकिक मिळविला. रोम ऑलिंपिकसाठी (१९६०) त्यांची निवड झाली. तथापि प्रत्यक्ष खेळण्याची संधी लाभली नाही. जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत (१९६२) मात्र ते संघाचा आधार ठरले. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. १९५६ पर्यंत मराठवाडाही त्याच राज्यात होता. रहीम यांच्या ४–२–४ व्यूहात चार बचावपटू व चार आघाडीवीर यांना जोडण्याचा सारा भार मधल्या दोघांवर पडे. प्रतिपक्षाकडून चेंडू हिरावून घेणे व तो आघाडीस पुरविणे, हे श्रम गोलांच्या नोंदीत दिसत नाहीत. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा २–१ असा पराभव केला; त्यानंतर या स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास मिळालेले नाही. गोल करणारे पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग या दोघांनाही अर्जुन पुरस्कार लाभला, फ्रांको यांना तो अखेरपर्यंत मिळाला नाही. ही उपेक्षा समर्थनीय म्हणता येत नाही. १९६४ मध्ये आशिया चषकातील उपविजेत्या भारतीय संघात आणि संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघातही ते होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना लवकरच निवृत्त व्हावे लागले. गोव्यात त्यांचे निधन झाले.