कचाची विद्या आणि सुरतेचे विद्यार्थी

संजीवनी विद्येचे नाव निघताच जुन्या मराठी घरांत खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’ (१९१३) आठवते. मूळ महाभारतकथेत देवयानी कचाला शाप देते की, ही विद्या तुला फळणार नाही. कच तो मान्य करतो, पण आपण जिला शिकवू त्या व्यक्तीला ती फळेल, असे बजावून जातो. सीपीआरचा, म्हणजे थांबलेले हृदय व श्वास पुन्हा चालविण्याच्या कौशल्याचा, इतिहास चाळताना आम्हांस कचाचे हे उत्तर वारंवार आठवले.

या इतिहासाचा एक धागा सुरतेच्या ओळखीचा आहे. कतारगाम दरवाज्याजवळ ज्यांची भव्य थडगी उभी आहेत, त्या डचांच्या मायदेशी, ॲमस्टरडॅम येथे, १७६७ साली बुडालेल्यांना वाचविण्यासाठी संस्था निघाली. तिचे उपाय म्हणजे अंग शेकणे, तोंडाने हवा फुंकणे आणि चक्क गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे! यांपैकी फुंकण्याचा उपाय खरा होता. पण तोच मागे पडला, आणि पाठ दाबणे, हात वर-खाली करणे अशा रीती पुढे दीर्घकाळ शिकविल्या गेल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथे पीटर सफर यांनी, औषधाने श्वास थांबविलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून, तोंडाने दिलेला श्वासच सरस ठरविला. १९६० मध्ये त्याच शहरातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. यांतले कौवेनहोव्हेन डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंता होते. त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी बनविणारे लेअरडाल यांनी सरावाची बाहुली तयार केली. आमच्या मते शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोठा मान या बाहुलीचा. कारण चालत्या हृदयावर हा सराव करता येत नाही.

सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ चे. महापालिकेचे ‘स्मीमेर’ पुष्कळ नंतरचे. आपल्या देशात हे कौशल्य बहुधा वॉर्डात, वरिष्ठांचे पाहून उचलायचे, असाच दीर्घकाळ प्रघात होता. २०१७ साली भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारताची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे आली. सामान्य नागरिकासाठी त्यांत केवळ छाती दाबण्याची सोपी रीत आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमाने तर एमबीबीएसच्या आरंभीच्या पायाभूत वर्गातच हे शिक्षण आणले.

मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. आकडे पाठ व्हायला क्षणही लागत नाही. हाताला मात्र ते बाहुलीवर घाम गाळल्यावरच कळतात. दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. सराव सुटला की काही महिन्यांतच हात विसरतो. सरकारी नोकरीत आम्ही प्रशिक्षणे पुष्कळ पाहिली: हजेरीपत्रक, चहा, प्रमाणपत्र. येथे ते चालायचे नाही. पहिल्या वर्षी शिकलेला विद्यार्थी इंटर्न होऊन रात्रपाळीला उभा राहतो, तेव्हा मध्ये साडेचार वर्षे गेलेली असतात. आपली नातवंडे या महाविद्यालयांत किंवा परिचर्येच्या शाळांत शिकत असतील, तर गुणपत्रिकेआधी त्यांना एवढे विचारावे, की त्या काळात बाहुली कपाटातून कितीदा बाहेर निघाली?