दाब कमी केला, मग वेग का गेला?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस लॅपटॉपच्या प्रोसेसरवर काय बोलणार, असं काहींच्या मनात असेल. बोलण्यासारखं आहे ते असं. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं, ज्याला तरुण मंडळी 'अंडरव्होल्टिंग' म्हणतात, हा उद्योग आता घरोघरी चालतो. लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो, मग कुणीतरी सांगतं, व्होल्टेज थोडं उतरव. उतरवल्यावर कधी यंत्र थंड होतं आणि जोरात चालतं. कधी थंड होतं, पण रेंगाळायला लागतं. असं का होतं, हा कारणमीमांसेचा प्रश्न आहे, आणि कारणमीमांसा हा आमचा जुना धंदा आहे.

व्होल्टेजला मराठीत आपण विद्युतदाब म्हणतो. दाब हा शब्द पाण्याकडून आला, आणि आपण बसलो आहोत शेंडीत, भंडारदरा धरणाच्या शेजारी. तेव्हा सुरुवात धरणापासून करू.

प्रवरेवरचं हे धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण सुमारे ११ टीएमसी. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत याची गणना होत होती. भिंत दगडी बांधकामाची. खाली संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण १९६९ साली काय झालं? भिंतीच्या खालच्या अंगाला भेगा दिसल्या आणि गळती वाढली. त्याच्या दोनच वर्षं आधी, डिसेंबर १९६७ मध्ये, कोयनेचा भूकंप झाला होता; धरण या शब्दानं लोकांच्या पोटात गोळा यायचा तो काळ. अशा वेळी अभियंत्यापुढे मार्ग किती असतात? नीट विचार केला तर दोनच. एक, भिंतीवरचा भार कमी करा, म्हणजे पाण्याची पातळी उतरवा. दुसरा, भिंतीची ताकद वाढवा. इथे दोन्ही केलं. पातळी खाली ठेवली आणि भिंतीला मागच्या बाजूनं टेकू देऊन ती मजबूत केली. भार आणि ताकद, आणि या दोहोंमध्ये राखलेलं अंतर. या अंतराला मी आज 'राखीव' म्हणणार आहे. हा एक शब्द धरून ठेवा.

आता प्रोसेसरकडे या. प्रोसेसरमध्ये भार म्हणजे वेग, सेकंदाला किती ठोके द्यायचे तो आकडा. ताकद म्हणजे व्होल्टेज. प्रत्येक ठोक्यात कोट्यवधी बारीक स्विच उघडायचे आणि मिटायचे असतात; पुढचा ठोका पडायच्या आत ते काम उरकलं पाहिजे. व्होल्टेज जास्त असेल तर स्विच चपळ, कमी असेल तर सुस्त. कारखाना काय करतो? ठरावीक वेगाला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याहून थोडं जास्त देतो. कारण दोन चिप कधी सारख्या निघत नाहीत, उन्हाळ्यात तापमान वाढतं, चार वर्षांनी चिप म्हातारी होते, आणि एकदम काम अंगावर पडलं की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. या सगळ्यासाठी ती राखीव. अंडरव्होल्टिंग म्हणजे वेग तोच ठेवून या राखीवतलं काढून खाणं. धरणाच्या भाषेत सांगायचं तर पाण्याची पातळी तीच, आणि भिंत मात्र थोडी तासली.

हे व्होल्टेज कमी करण्याचं वेड आजचं नाही. संगणकाचा सगळा इतिहासच व्होल्टेज उतरवण्याचा इतिहास आहे. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर, ४००४, १९७१ साली आला. तो १५ व्होल्टवर चाले. पुढे बरीच वर्षं ५ व्होल्ट हा जणू धर्मच होता. १९९३ चा पहिला पेंटियमही ५ व्होल्टचा. पुढच्याच वर्षी पेंटियम ३.३ वर उतरला. आज आपण १ व्होल्टच्या आसपास आहोत. यामागचं शास्त्र १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं: स्विच लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त स्विच बसतील आणि उष्णता मात्र वाढणार नाही. तीस वर्षं हा नियम उद्योगाला पोसत राहिला. मग व्होल्टेज इतकं खाली आलं की बंद केलेले स्विचसुद्धा गळू लागले. नळ बंद, तरी थेंब थेंब चालू. २००४ साली इंटेलनं पेंटियम ४ चा पुढचा अवतार रद्द केला. नुसता वेग वाढवण्याची शर्यत तिथे संपली. उष्णता हा तेव्हापासूनचा कायमचा पाहुणा आहे.

लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. जानेवारी २००० मध्ये इंटेलनं 'स्पीडस्टेप' आणलं. चार्जर लावला की ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. इथे लक्ष द्या. व्होल्टेज उतरलं तेव्हा वेगही उतरवला. भार आणि ताकद एकत्र खाली आले, म्हणून राखीव शाबूत राहिली. मालकानं स्वतः फक्त व्होल्टेज उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मग लोक ते करतात का? कारण फायदा खरा आहे. प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.१० व्होल्टचं १.०० केलं तर व्होल्टेज नऊ टक्के उतरलं, पण त्या हिशेबानं वीज सुमारे सतरा टक्के वाचली. २०१७ साली पातळ लॅपटॉपच्या त्याच १५ वॉटमध्ये दोनाऐवजी चार कोअर बसवले गेले. घर तेवढंच, खाणारी तोंडं दुप्पट. अशा यंत्रात वीज वाचली की तेवढ्याच वॉटमध्ये जास्त वेग मिळतो. पण यातच एक अट दडलेली आहे. तुमचं यंत्र मुळात उष्णतेमुळे किंवा वॉटच्या मर्यादेमुळे अडत असेल तरच वेग वाढेल. ते कशानं अडतच नसेल, तर व्होल्टेज उतरवून वेग वाढण्याचं काही कारण नाही. अपेक्षाच चुकीची असेल तर दोष शोधणार कुठे?

आता मूळ प्रश्न. व्होल्टेज उतरवलं आणि लॅपटॉप मंदावला. आपल्याकडे न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक सांगितला आहे. कारण असेल तिथे कार्य दिसतं, कारण काढलं की कार्यही नाहीसं होतं. १८४३ साली जॉन स्टुअर्ट मिलनं आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळजवळ हेच सांगितलं. साध्या भाषेत: एका वेळी एकच गोष्ट बदला. आमची मुलं काय करतात? व्होल्टेज, पॉवर प्लॅन, ड्रायव्हर, बायोस, सगळं एका संध्याकाळी बदलतात आणि मग विचारतात, कशामुळे झालं? त्याचं उत्तर मग कुणालाच देता येत नाही.

दिसणाऱ्या पहिल्या कारणावर झडप घालू नये, याचं एक नामी उदाहरण आहे. जुलै २०१८ मध्ये अॅपलचा नवा, महागडा, सहा कोअरचा मॅकबुक प्रो आदल्या वर्षीच्या यंत्रापेक्षा काही कामांत मागे पडतो असं दिसलं. सगळे म्हणाले, खोकं पातळ, उष्णता जास्त, संपला विषय. थोड्याच दिवसांत अॅपलनं सांगितलं की उष्णता सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल की राहून गेली होती. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली आणि वेग सुधारला. उष्णता खरी होती, पण सगळा दोष तिचा नव्हता.

तेव्हा सगळं आधी कारखान्याच्या मूळ सेटिंगवर न्या, एखादी चाचणी चालवून आकडा लिहून ठेवा, आणि मग क्रमानं विचारा.

पहिलं, व्होल्टेज खरोखर उतरलं आहे का? डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लुव्हेन इथल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला जाहीर केला. सॉफ्टवेअरमधून इंटेलचं व्होल्टेज नेमकं इतकं उतरवायचं, की प्रोसेसर बंद पडत नाही पण गुणाकार चुकतो. आणि त्या चुकीवरून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुप्त किल्ली काढायची. यानंतर अनेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्होल्टेजला कुलूप लागलं. एखादा अपडेट येतो, पट्टी सरकते, आकडा दिसतो, आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही. विंडोजमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तरीही असं होऊ शकतं. काही यंत्रांत झोपेतून उठल्यावर सेटिंग पुसलं जातं.

दुसरं, दाखवलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग एकच आहे का? विशेषतः एएमडीच्या रायझनमध्ये व्होल्टेज कमी पडलं की प्रोसेसर कोसळण्याऐवजी ठोके लांबवतो. काटा चार गिगाहर्ट्झ दाखवतो, काम त्याहून कमी होतं. 'इफेक्टिव्ह क्लॉक' दाखवणारं साधन वापरा. दोन आकड्यांत भरभार असताना मोठी तफावत असेल तर व्होल्टेज दहा-वीस मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी परत चढवा. तफावत मिटली आणि चाचणीचा आकडा सुधारला, तर व्यतिरेक सिद्ध.

तिसरं, ब्रेक दुसऱ्याच कुणी दाबला आहे का? चार्जर ओळखला गेला नाही किंवा बोर्डावरचा दुसरा एखादा भाग तापला, तर तो प्रोसेसरला 'थांब' म्हणून सांगू शकतो. मग वेग काहीशे मेगाहर्ट्झवर अडकतो. तिथे व्होल्टेजशी खेळून उपयोग नाही. चार्जर बदलून पाहा, पंख्यातली धूळ काढा.

चौथं, चुका होताहेत का? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हिया' नावाच्या हार्डवेअरच्या नोंदी दिसतात का पाहा. तिथे 'दुरुस्त केलेली चूक' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त होऊ नका. राखीव संपल्याची ती पहिली गळती आहे.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तो मुद्दा. मुलं म्हणतात, सर, तासभर चाचणी चालली, काही झालं नाही, म्हणजे स्थिर आहे. पॉपरनं १९३४ साली सांगितलं ते इथे लागू पडतं. चाचणीत नापास होणं काहीतरी सिद्ध करतं. पास होण्यानं एवढंच कळतं की अजून नापास झालेलं नाही. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. न सांगता चुकलं तर? २०२१ साली गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलं की काही हजार यंत्रांमागे थोडे कोअर असे सापडतात, जे गुपचूप चुकीचं उत्तर देतात. आणि ती यंत्रं कुणी तासलेली नव्हती. मग आपण मुद्दाम राखीव खाल्लेल्या यंत्रावर प्रबंधाची आकडेमोड किंवा पतपेढीचा हिशेब करायचा का? खेळ खेळायचा असेल तर खुशाल करा. दुसऱ्याचं नुकसान होईल असं काम असेल तर राखीव तुमच्या एकट्याची नसते. धरणाची राखीव खालच्या गावांची असते, तसंच.

कुलपाबद्दलही बोललं पाहिजे. यंत्र मी विकत घेतलं, मग व्होल्टेजला कुलूप घालणारा निर्माता कोण? हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या सुरक्षित कप्प्यासाठी हे कुलूप आलं, तो बहुतेकांनी कधी वापरलेलाही नाही. धोका समजावून सांगून किल्ली मालकाच्या हाती ठेवता आली असती. पण किल्ली हातात आली की जबाबदारीही येते, हे आपल्याकडे कमी बोललं जातं.

इथल्या अकोले तालुक्यातल्या मुलांना माझं सांगणं एवढंच. लॅपटॉप बिघडला तर दुरुस्तीला खाली संगमनेरला न्यावा लागतो, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तोवर थांबत नाही. लॅपटॉप तापत असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी शंभराऐवजी नव्व्याण्णव टक्के करून पाहा. बहुतेक यंत्रांत त्यानं टर्बो बंद होतो, वेग थोडा जातो, उष्णता बरीच उतरते, आणि राखीवला हात लागत नाही. भिंत तासायच्या आधी पाणी थोडं उतरवून पाहावं. तेवढ्यानं भागलं नाही, तर मग व्होल्टेजला हात लावा, एका वेळी एकच पायरी, आणि वही जवळ ठेवून.

आता प्रश्न विचारा.