पहिली मोटार आणि नवा सारथि

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ दादरास राहतात. गेल्या श्रावणांत त्यांच्या चिरंजीवांस अठरा वर्षें पुरीं झालीं, ताडदेवच्या परिवहन कार्यालयांतून शिकाऊ परवाना मिळाला आणि घरांत मोटारीचा प्रश्न निघाला. गृहस्थांनीं तो एका वाक्यांत सोडविला. "जुनी गाडी मुलाला देतों आणि नवी मी घेतों, जुनीला दोनचार ओरखडे पडले, तरी बिघडलें काय?" जमलेल्या मंडळींनीं मान डोलावली, आम्हींही डोलावली. घरीं परततांना मात्र तो 'ओरखडे' शब्द आमची पाठ सोडीना. गृहस्थांच्या डोळ्यांपुढें गाडीचा पत्रा होता. पत्र्याच्या आंत बसणारा मुलगा त्या हिशेबांत आलाच नव्हता.

हे गृहस्थ निष्काळजी आहेत असें कोणी समजूं नये. मुलास साधा ताप आला तरी रात्र जागून काढणारे ते वडील आहेत. मग असा तोडगा त्यांस सहज सुचला कसा, आणि आम्हांस तो सहज पटला कसा? आमच्या मतें ह्याचें उत्तर त्यांच्या स्वभावांत नसून मुंबईंतील मोटारीच्या इतिहासांत आहे. रूढि ज्या कारणासाठीं पडते तें कारण नाहींसें झालें तरी रूढि मागें उरते, ह्या जुन्या अनुभवाचेंच हें एक उदाहरण होय.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार आली ती १८९८ च्या सुमारास, आणि तिच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव घेतलें जातें. व्हिक्टोरियाला जसा गाडीवान, तसा मोटारीला शोफर, अशी श्रीमंतांच्या घरची रीति पुढें पुष्कळ वर्षें चालली. मोटार ही चैनीची वस्तु आणि ती हांकणें हें पगारी काम. तेव्हां घरच्या मुलाच्या हातीं सुकाणू द्यावें कीं नाहीं हा प्रश्न फारसा कोणापुढें येतच नसे. तरी सरकारनें १९१४ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं मोटारींचा कायदा केला तेव्हां अठरा वर्षांखालील व्यक्तीनें सार्वजनिक जागीं मोटार हांकूं नये, असें त्यांत घातलेंच. हाच आंकडा १९३९ च्या कायद्यांत राहिला, १९८८ च्या कायद्यांतही राहिला, आणि आजही तोच आहे. हांकणाऱ्याचें वय, त्याचा परवाना, गाडीचे दिवे, ब्रेक आणि भोंगा, एवढ्यांची चौकशी कायदा प्रारंभापासून करीत आला. परंतु टक्कर झाल्यावर आंतल्या माणसाचें काय होईल, हें विचारावयास मात्र त्यास फार काळ लागला.

मोटार मध्यम वर्गाच्या दाराशीं येण्याची वाट परळ-लालबागच्या शेजारूनच गेली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. पुढें १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या. ह्याच कारखान्याची फियाट पुढें मुंबईची गाडी झाली. १९६४ पासून तिची ११००-डी ही जात निघूं लागली आणि तीच पुढें 'पद्मिनी' ह्या नांवानें ओळखली गेली. काळ्यापिवळ्या रंगांत तर ती शहराच्या चेहऱ्याचाच भाग होऊन बसली. ताडदेवच्या कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हां घरचें कोणी वडीलधारें माणूस गेल्यासारखें पुष्कळांस वाटलें.

त्या काळचा मुख्य गुणधर्म म्हणजे दुर्मिळता. परदेशी गाड्यांस दारें जवळजवळ बंद, देशांत बनणाऱ्या जाती दोनतीन, आणि नांव नोंदविल्यावर वर्षानुवर्षें वाट पाहणें. गिरगांवांतल्या एखाद्या वाडींत फियाट आली कीं तिला हार, नारळ आणि वाडीभर पेढे! अशी गाडी पंधरावीस वर्षें वापरावयाची, रविवारीं स्वतः धुवावयाची आणि मग मुलाकडे सोंपवावयाची. नवी गाडी पुन्हां मिळेल ह्याची शाश्वति नसल्यामुळें ती जपणें हें गृहकृत्यच होतें. नवशिक्यानें जुन्या गाडीवर हात बसवावा, ही रूढि येथें जन्मली.

आम्ही स्वतः ह्याच रूढींत वाढलों. वडिलांच्या जुन्या फियाटवर शिकत असतां एका पावसाळी सकाळीं परळच्या वळणावर भिजलेल्या ब्रेकांनीं दगा दिला आणि गाडी दिव्याच्या खांबावर गेली. वेग बेताचा होता; आमचा ऊर सुकाणूवर आपटला, इतकेंच. वडील शेजारींच बसले होते. ते उतरले, पुढें गेले, बंपर निरखून पाहिला आणि नंतर वळून म्हणाले, "तुला कांहीं लागलें नाहीं ना?" वडिलांच्या प्रेमाविषयीं आम्हांस तेव्हांही शंका नव्हती, आज तर नाहींच. परंतु प्रश्नांचा तो क्रम आमच्या ध्यानांत राहिला आहे.

आतां न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं त्या काळीं ही रूढि मुलाचें विशेष नुकसान करीत नव्हती. १९६५ ची फियाट आणि १९८५ ची पद्मिनी, दोन्ही आंतल्या माणसास जवळजवळ सारखेंच संरक्षण देत, म्हणजे फारच थोडें. नवी बापाकडे राहिली आणि जुनी मुलाकडे गेली, तरी मुलाचा तोटा तो काय? शिवाय बोरीबंदराहून दादरास जाणारी ट्राम ज्या परळ-लालबागच्या रस्त्यानें १९६४ पर्यंत धांवली, त्या रस्त्यावर मोटारीला तरी वेग मिळावा कोठून?

परंतु ह्याच काळांत युरोप-अमेरिकेंत विचारांची दिशा पालटत होती. बेला बारेनी ह्या अभियंत्यानें १९५१ च्या सुमारास एक विलक्षण कल्पना मांडली: गाडीचें नाक आणि शेंपूट चेपूं द्यावें, मधली माणसें बसण्याची पेटी तेवढी अभंग ठेवावी. १९५९ सालीं व्होल्वो कंपनींतील नील्स बोलिन यानें खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोंकांचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीनें तो इतर कारखानदारांस वापरूं दिला. १९६५ सालीं अमेरिकेंत राल्फ नेडर यांचें पुस्तक निघालें आणि अपघाताचा सारा दोष हांकणाऱ्याच्या माथीं मारून कारखानदारास मोकळें सोडण्याची रीति तेथें टिकेनाशी झाली.

बारेनीची कल्पना आमच्याकडील लोकसमजुतीच्या थेट विरुद्ध आहे. "जुन्या गाडीचा पत्रा काय जाड! हल्लींच्या गाड्या म्हणजे डबे," हें वाक्य आजही घरोघर ऐकूं येतें. ह्यांतला भ्रम समजण्यासाठीं थोडें गणित पाहूं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें आणि सुमारें १० मीटर उंचीवरून खालीं पडणें, ह्या दोहोंत अखेरचा वेग एकच. गिरगांवांतल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याची गॅलरी अदमासें इतकीच उंच असते. ताशीं ३० ला ही उंची साडेतीन मीटर भरते, आणि ताशीं ८० ला ती २५ मीटरांवर जाते. कारण आघाताची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते. एवढी शक्ति कोठें तरी जिरलीच पाहिजे. गाडीचें नाक चेपलें तर ती पत्र्यांत जिरते. नाक ताठ राहिलें तर ती बरगड्यांत जिरते. अपघातानंतर जुनी गाडी धड दिसते, ह्यांत आंतल्या माणसाचें हित असेलच असें नाहीं. पट्टा आणि एअरबॅग हींही तेंच काम करतात: माणसास थांबावयास अधिक वेळ आणि अधिक जागा देतात.

आमच्याकडे हा विचार फार सावकाश आला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुति ८०० मालकाच्या हातीं पडली, आणि तिनें कारकून, शिक्षक, प्राध्यापक यांच्या घरांत मोटार आणली. हें उपकार थोडे नव्हेत. परंतु तेव्हांही घरोघर चर्चा झाली ती किंमतीची आणि लिटरला किती किलोमीटर पडतात ह्याची. पुढच्या बैठकींस पट्टे बसविणें सक्तीचें झालें तें १९९४ सालीं. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेनें येथील पांच लोकप्रिय लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळवून पाहिल्या, तेव्हां पांचांसही एकही तारा मिळाला नाहीं. त्यांतल्याच फोक्सवागेन पोलोला दोन एअरबॅगा बसवून पुन्हां तपासलें, तर चार तारे मिळाले! ह्या निकालाची चर्चा पुष्कळ झाली. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या जातींस आणि दोन वर्षांनीं जुन्या जातींसही आदळ-चांचणी लागू झाली. एप्रिल २०१९ पासून चाकें अडकूं न देणारे एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून हांकणाऱ्यापुढची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या बैठकीपुढचीही २०२१ अखेर सर्व नव्या गाड्यांत आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन-पद्धति सुरू झाली आहे.

ह्या तारखा ओळीनें मांडण्याचें कारण एवढेंच कीं त्यांनीं जुन्या रूढीचा पायाच काढून घेतला आहे. २०१२ ची गाडी आणि २०२४ ची गाडी ह्यांत आतां फियाट-पद्मिनीचें साम्य उरलेलें नाहीं. आज बाप नवी गाडी स्वतःकडे ठेवून जुनी मुलाला देतो, तेव्हां घरांतलें अधिक संरक्षण अनुभवी माणसास मिळतें आणि कमी संरक्षण अननुभवी माणसास. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले कांहीं महिनेच सर्वांत धोक्याचे असतात. रात्रीं, आणि समवयस्क मित्र गाडींत असतां, हा धोका आणखी वाढतो, असें देशोदेशींच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. न्यूझीलंडनें १९८७ सालींच हें ओळखून नवशिक्यास रात्रीं आणि मित्रांसह गाडी हांकण्यास प्रारंभीं बंदी घालणारी पायरीपायरीची परवाना-पद्धति काढली. आपल्याकडे अशी पायरी नाहीं. आणि वेगाचा अभाव हें मुंबईचें जुनें संरक्षणही आतां पुरतें उरलें नाहीं. लालबागच्या गर्दींत ताशीं पंधरानें सरकणारा मुलगा, २०२४ सालीं खुला झालेल्या सागरी किनारा मार्गावर थोड्याच वेळांत ताशीं ८० ने जाऊं शकतो. म्हणजे वर सांगितलेल्या साडेतीन मीटरांच्या खालून एकदम पंचवीस मीटरांवर!

मग मुलास घरांतली सर्वांत जड आणि दांडगी गाडी द्यावी काय? तसेंही नाहीं. रस्त्यावर त्याच्याशिवाय इतर माणसेंही आहेत. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगर येथें एका अत्यंत वेगवान मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा हांकीत होता असा आरोप आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलानें मोटार हांकून गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. कायद्यानें वडिलांच्या जबाबदारीचें मोल निदान आंकड्यांत तरी सांगितलें आहे.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. घरांत दोन गाड्या असतील, तर अधिक सुरक्षित ती नवशिक्याकडे जावी. जुनी विकत घेणें असेल, तर २०१९ च्या अखेरीनंतर, शक्य तर २०२२ मध्यें किंवा त्यानंतर बनलेली पाहावी. रंग, आवाज आणि अश्वशक्ति ह्यांपूर्वीं तिच्या जातीस तारे किती मिळाले तें विचारावें. इंजिन बेताचें असावें. मागें बसणारानेंही पट्टा लावावा; ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघरजवळ झालेल्या अपघातांत सायरस मिस्त्री मागच्या बैठकीवर विनापट्टा होते, हें विसरूं नये. पहिलें वर्षभर रात्र आणि मित्रमंडळ दोन्ही वर्ज्य. कायदा ही पायरी घालीत नसेल, तर ती घरानें घालावी. आणि गिरगांव-दादरासारख्या ठिकाणीं बस व लोकल दाराशीं असतां, पैसा पुरत नसेल, तर स्वस्त आणि कच्च्या गाडीपेक्षां वर्षभर गाडी नसणें हेंच बरें.

आम्हीं हें सारें त्या दादरच्या गृहस्थांस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे ओरखडे नव्या गाडीला?" आम्हीं म्हटलें, "होय, नव्या गाडीला." ते कांहीं बोलले नाहींत. दसऱ्यास त्यांच्याकडे नवी गाडी आली. किल्ली कोणाच्या हातीं गेली तें विचारणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. परवां सायंकाळीं शिवाजी पार्कपाशीं ती दिसली. मागेंपुढें तांबडा 'एल' लावलेला, सुकाणूशीं चिरंजीव, शेजारीं पट्टा बांधून गृहस्थ, आणि डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा.