स्टॅम्प घ्या, पाणबुडी बघा!

मंडळी, युद्ध शौर्यावर जिंकतात म्हणे. पण पगाराचं, पोलादाचं बिल कुणीतरी भरायचं असतंच ना! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्यासाठी जनतेकडून कर्ज घेतलं. हिशोब साधा: १८.७५ डॉलर द्या, १० वर्षांनी २५ घ्या. एकदम तेवढे नसतील तर २५ सेंटचे स्टॅम्प वहीत चिकटवत जा. ७५ झाले की एक बॉण्ड.

व्याज जेमतेम २.९ टक्के. नुसत्या तेवढ्यावर कोण भुलणार? इथे नौदल कामी आलं. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा एचए-१९ ही दोन माणसांची जपानी पाणबुडी ओआहू बेटाजवळ खडकात अडकली आणि अमेरिकनांच्या हाती लागली. मग तिला ट्रेलरवर चढवून गावोगाव फिरवलं. बॉण्ड किंवा स्टॅम्प घ्या, शत्रूची पाणबुडी जवळून बघा!

मला जास्त अस्वस्थ करतो तो तिचा कप्तान, काझुओ साकामाकी. साथीदार मेला, हा जिवंत सापडला. अमेरिकेचा पहिला जपानी युद्धकैदी. अशा पाच पाणबुड्यांवर मिळून दहा जण गेले होते. १९४२ साली जपानने वीर म्हणून गौरवले ते नऊच. याचं नाव गाळलं. म्हणजे बोट तिकडे पैसे जमवतेय, आणि इकडे तिचा कप्तान हिशोबातच नाही!

युद्धानंतर तो टोयोटात नोकरीला लागला. १९९१ साली, टेक्सासच्या संग्रहालयात, त्याने ती पाणबुडी पुन्हा पाहिली. बॉण्डची मुदत १० वर्षांची होती. त्याला मात्र ५० वर्षं लागली.