जागतिक हेवीवेट अजिंक्यपद (व्यावसायिक कुस्ती)

व्यावसायिक कुस्तीतील पहिले सर्वसाधारणपणे मान्य झालेले जागतिक अजिंक्यपद. ४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅकनश्मिटने टॉम जेंकिन्सला हरवून ते मिळवले. १९०८ मध्ये शिकागोत दोन तासांच्या झुंजीनंतर त्याने फ्रँक गॉचपुढे हार पत्करली. गॉच अंगाला तेल चोपडून उतरला होता, अशी त्याची पुढे तक्रार होती.

१९२० नंतर निकाल आयोजक ठरवू लागले. नेब्रास्काचा फुटबॉलपटू वेन मन याला डावपेच फारसे येत नव्हते, पण तो गर्दी खेचणारा गडी होता. म्हणून जानेवारी १९२५ मध्ये कसलेला एड ‘स्ट्रँगलर’ लुईस त्याच्याकडून ठरवून हरला. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झिबिस्कोने मात्र ठरलेली हार झुगारून मनला खरोखरच चीत केले. पुढच्याच महिन्यात त्याने ते पद जो स्टेचरला सोडले. त्यानंतर दावेदार वाढत गेले. १९४८ मध्ये आयोवातील वॉटर्लू येथे आयोजकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापली. तिचा किताब १९४९ पासून लू थेझकडे आला.