अव्वल राहण्याची किंमत आणि तालमीचा आधार

  व्यावसायिक टेनिसमधला मानसिक ताण समजून घ्यायला कोल्हापूरच्या जुन्या कुस्तीच्या तालमींचा इतिहास उपयोगी पडतो. टेनिसमध्ये कमावलेले क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळतात. गेल्या वर्षीचे विजेतेपद हीच यंदाची धास्ती. ब्योर्न बोर्गने १९८३ मध्ये २६व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली, ॲश बार्टीने २०२२ मध्ये अव्वल क्रमांकावर असताना, २५व्या वर्षी. माझ्या मते हा ताण केवळ हरण्याच्या भीतीचा नसतो. त्यात एकटेपणाचा वाटा मोठा असतो.

आखाड्यात मल्लही एकटाच. पण शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानातून तो परतायचा तालमीतच. जिंको वा हरो, पहाटेच्या जोर-बैठका सोबत्यांबरोबर, वस्तादाच्या नजरेखाली. कुणी म्हणेल, हे गतकाळाचे कौतुक. हरलेल्या पैलवानाला बोलणी बसतच. ती बसत, आणि तालीम मानमरातबाची हमीही देत नव्हती: १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्य जिंकलेल्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तरीही १९४८ च्या लंडनमधील सहाव्या क्रमांकानंतर ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवले. टेनिसपटूभोवतीही प्रशिक्षक, फिजिओ असतात. पण बहुधा त्याच्याच कमाईवर. पराभव लांबले की तो गोतावळाही विरतो. वस्ताद मल्लाच्या पगारावर नव्हता.