साताऱ्याचा इंग्रजी वर्ग आणि अमेरिकन ग्रंथ

आपल्या माध्यमिक शाळांतून इंग्रजी भाषेचें अध्यापन शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलें आहे, आणि त्या अध्यापनांत निबंधलेखनाचा तास कधींच चुकलेला नाहीं. परंतु या तासाचें फलित काय, असें कोणी विचारल्यास समाधानकारक उत्तर देणें कठीण जाईल. 'वृत्तपत्रांचे फायदे', 'पावसाळ्यांतील एक दिवस' असले विषय फळ्यावर लिहावयाचे, मुलांनीं मार्गदर्शिकेंतील चार परिच्छेद पाठ करून ते उतरावयाचे, आणि शिक्षकानें तांबड्या शाईनें शुद्धलेखन तपासावयाचें, एवढ्यावर हा व्यवहार संपतो. निबंध म्हणजे ज्याविषयीं आपणांस कांहींच म्हणावयाचें नाहीं अशा विषयावर दोन पानें भरण्याची कला, अशी मुलांची समजूत झाली तर दोष त्यांचा नव्हे.

इंग्रजी वाङ्मय म्हणजे इंग्लंडचें वाङ्मय, ही दुसरी समजूतही अशीच जुनी आहे. मेकॉले, अ‍ॅडिसन, गोल्डस्मिथ यांच्या सावलींत आपल्या पहिल्या पदवीधरांची पिढी वाढली. निबंधाचा आदर्श तिनें तेथूनच घेतला. अमेरिकन वाङ्मय आपल्याकडे आलें तें बहुधा राजमार्गानें नव्हे, तर आडवाटेनें. ही आडवाट सातारा व सांगली या मुलखांतून कशी गेली, आणि तिनें येथील विचारास व लेखनास काय दिलें, हें पाहण्याचा आमचा उद्देश आहे. दोन्ही जिल्ह्यांचा विचार आम्ही एकत्र करतों, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वीं सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. १९४९ सालीं संस्थानी मुलूख मिळवून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.

अमेरिकन माणसें या प्रदेशांत आलीं तीं धर्मोपदेशक व वैद्य म्हणून. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं सुरू केलेलें मिरजेचें रुग्णालय सर्वश्रुत आहे. परंतु आम्हांस येथें माणसांचा नव्हे, विचारांचा प्रवास पाहावयाचा आहे, आणि त्याचा आरंभ मिशनच्या आवाराबाहेर झाला. खटाव तालुक्यांतील कटगूण हें ज्यांच्या पूर्वजांचें गांव, त्या जोतीराव फुले यांनीं १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन जन्मानें इंग्रज खरा, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठीं लेखणी झिजवणारा. पुढें १८७३ मध्यें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, तेव्हां जोतीरावांनीं ती अमेरिकेंतील निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनींही शूद्रांच्या मुक्ततेसाठीं तो कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. अमेरिकेचें उदाहरण मराठी लेखकानें अलंकार म्हणून नव्हे, पुरावा म्हणून पुढें मांडिलें, याचें हें फार जुनें व फार ठळक उदाहरण आहे.

यानंतर दोन समकालीन पुरुष शेजारीं ठेवून पाहावेत. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म कऱ्हाडनजीक टेंभू येथें १८५६ सालीं झाला. त्याच सालीं अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं, एका मळ्यावरील गुलामांच्या झोपडींत, बुकर टी. वॉशिंग्टन जन्मला. दोघांनींही शिक्षणासाठीं दारिद्र्याशीं झुंज घेतली. १८८१ सालीं आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक झाले. त्याच वर्षीं वॉशिंग्टननें अलाबामांत टस्कीगी येथील शाळा उघडली. हा योगायोग आहे, यापलीकडे त्यास अर्थ नाहीं. परंतु आगरकरांच्या निबंधांत असें काय आहे जें शाळेंतील निबंधांत नसतें, याचें उत्तर मात्र योगायोगाचें नाहीं. आगरकर परीक्षकासाठीं लिहीत नव्हते. त्यांच्यापुढें रागावणारा, वाद घालणारा, प्रसंगीं जिवंतपणीं आपली प्रेतयात्रा काढणारा वाचक होता. अमेरिकेंत एमर्सनचे निबंधही पुष्कळसे व्याख्यानपीठावरून आले आणि थोरोचा शासनास विरोध करण्यासंबंधीचा निबंध प्रथम व्याख्यान म्हणूनच दिला गेला. समोर माणूस असला म्हणजे निबंधास कणा येतो.

वॉशिंग्टनचें आत्मचरित्र १९०१ सालीं ग्रंथरूपानें निघालें. मराठींत त्याची कथा नागेश वासुदेव गुणाजी यांच्या 'आत्मोद्धार' या पुस्तकानें पोंचविली. हॅम्पटनच्या शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून या मुलानें एक खोली पुन्हा पुन्हा झाडली व पुसली, हीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली; पुढें टस्कीगीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या. हें वाचतांना साताऱ्याच्या वाचकास कर्मवीर भाऊराव पाटील आठवल्यावांचून राहत नाहींत. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्यें ती साताऱ्यास आली, १९४० मध्यें महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मध्यें छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. आणि या सर्वांच्या मुळाशीं 'कमवा व शिका' हें तत्त्व होतें. मुलांनीं जमीन खणावी, पीक काढावें, स्वयंपाक करावा, आणि त्या घामावर शिकावें.

परंतु तुलना येथेंच सोडल्यास ती अर्धवट राहील. १८९५ सालीं अटलांटा येथील भाषणांत वॉशिंग्टननें गोऱ्यांस असें आश्वासन दिलें कीं, उद्योगांत आपण एक असूं, पण सामाजिक व्यवहारांत वेगळे राहण्यास आमची हरकत नाहीं. यावर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यानें १९०३ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत कठोर टीका केली. मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण या तिन्हींचा त्याग करून मिळविलेली भाकरी माणसास माणूसपण देत नाहीं, हें त्याचें म्हणणें होतें. भाऊरावांनीं वॉशिंग्टनचा मार्ग अर्धाच चोखाळला असें म्हणावें लागेल. श्रमाचें तत्त्व त्यांच्याही ठायीं आहे, विभक्तपणा नाहीं. ज्या वसतिगृहास १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. आणि महाविद्यालय काढून उच्च शिक्षणाचें दारही त्यांनीं उघडलें.

ड्यू बॉइसच्या पक्षाचा महापुरुषही याच साताऱ्याच्या इंग्रजी वर्गांत बसला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर याचें नांव येथील सरकारी हायस्कुलांत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, इंग्रजी पहिलीच्या पटावर दाखल झालें. वर्गांत त्याची जागा वेगळी होती, बसण्याचें तरटही वेगळें होतें; शिपाई पाणी घालील तरच पाणी मिळावयाचें. तेरा वर्षांनीं तोच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाला, आणि १९४६ मध्यें त्यानेंच ड्यू बॉइस यांस पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची प्रत मागविली.

याच विद्यार्थ्यानें पुढें इंग्रजींत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हें लहानसें आठवणींचें लेखन केलें. साताऱ्याहून वडिलांकडे जातांना मसूर स्टेशनावर उतरलेल्या मुलांची जात कळतांच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळेना, ही हकीकत त्यांत आहे. लेखक रडत नाहीं, उपदेश करीत नाहीं; काय घडलें तें क्रमानें सांगतो, आणि परक्या देशच्या वाचकास तें समजावें इतकें स्पष्ट सांगतो. साताऱ्याच्या इंग्रजी वर्गानें जगास दिलेला हाच सर्वोत्तम निबंध होय, असें आम्हांस वाटतें. त्याचा विषय कोणत्याही गुरुजीनें फळ्यावर लिहिला नव्हता.

कोणी म्हणेल, असलें वाचन शाळकरी मुलांस जड जाईल, आणि वादाचे विषय वर्गांत आणूं नयेत. भाषेची अडचण आम्ही मान्य करतों. वेंचे सोपे निवडावेत, लागेल तेथें मराठींतून समजावून द्यावें. परंतु वादास भिणारा वर्ग निबंध शिकवूं शकत नाहीं, हें निश्चित. वॉशिंग्टन व ड्यू बॉइस यांचीं दहा-दहा पानें मुलांपुढें ठेवावींत, शेजारीं भाऊरावांचें वसतिगृह व आंबेडकरांची मसूरची रात्र ठेवावी, आणि विचारावें: आधीं भाकरी, कीं आधीं हक्क? ज्या मुलाच्या घरांत हा प्रश्न आजही जेवणाच्या ताटाशीं बसलेला आहे, तें मूल मार्गदर्शिका उघडणार नाहीं. त्याच्या इंग्रजींत चुका होतील. त्या सुधारतां येतात. म्हणण्यासारखें कांहीं नसणें, ही एकच चूक तांबड्या शाईनें दुरुस्त होत नाहीं.